सुतारवाड्यात पाणी आधी येतं

पासपोर्ट साइज फोटोला हल्लीची पोरं घाबरतात. भरतीचा फॉर्म असो, बारावीचा असो, नाहीतर कॉलेजचं ओळखपत्र. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या स्टुडिओत पोरगं स्टुलावर बसतं, मी दोनतीन फोटो काढतो, स्क्रीन त्याच्याकडं वळवतो आणि त्याचं तोंड उतरतं. 'मामा, मी असा दिसतोय?' मुली तर विचारतही नाहीत, सरळ आपला फोन पुढं करतात. 'ह्यातल्यागत करा की.' फोनमधला चेहरा त्यांचाच असतो. फक्त नाक बारीक असतं, हनुवटी निमुळती, डोळे दीडपट आणि कातडीवर एक ठिपका नसतो.

समाजमाध्यमांनी पोरं बिघडतात की नाही, ह्या वादात मानसशास्त्रज्ञ बोलतात, पुढारी बोलतात, शाळेचे मुख्याध्यापक तर बोलतातच. मी चेहरे बघणारा माणूस. माझ्या वाट्याला ह्या प्रकरणाचा एक छोटा तुकडा रोज येतो, म्हणून चार गोष्टी मांडतो.

आधी एक कबूल करायला हवं की चेहऱ्याची खोटी रंगरंगोटी काही इन्स्टाग्रामनं शोधलेली नाही. आमच्या आबांच्या वेळी निगेटिव्हवर टच-अप व्हायचा. उताराच्या टेबलाला काच बसवलेली, खाली आरसा, वर निगेटिव्ह, आणि हातात सुईसारखं टोक काढलेली कडक शिसाची पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक उमटतो. तिथं शिसाचे बारीक ठिपके चढवले की छापताना तो उजळून निघतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या आबा अशा काही घालवायचे की माणूस स्वतःचा फोटो ओळखायला क्षणभर थांबायचा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा बनवला, त्या गावात ह्या कामाची कदर होती. सगळ्यात जास्त टच-अप व्हायचा तो स्थळाला पाठवायच्या फोटोला. मुलीची आई हळूच म्हणायची, 'जरा उजळ करा बरं का.' आबा करायचे. कोल्हापुरातली कितीतरी लग्नं त्या पेन्सिलीवर जमली असतील.

त्यामुळं 'आमच्या वेळी असलं नव्हतं' असं कोण म्हणायला लागलं की मला हसू येतं. होतं की. फक्त तो फोटो पाकिटातनं पाचसहा घरी जायचा आणि ट्रंकेत बंद व्हायचा. मुलगी तो वर्षातनं एकदा बघायची. आज तीच मुलगी आपला गुळगुळीत केलेला चेहरा दिवसातनं पन्नासदा बघते, आणि त्याच्या शेजारी इतर शंभर जणींचे तसलेच चेहरे. सरतेशेवटी माझ्या स्टुलावर बसते तेव्हा तिला परका वाटतो तो खरा चेहरा.

ह्यात कॅमेऱ्याचाही एक दोष आहे, तो पोरांना कुणी सांगत नाही. हाताच्या अंतरावरनं, रुंद कोनाच्या लेन्सनं काढलेल्या फोटोत जे जवळ ते मोठं दिसतं. चेहऱ्यात सगळ्यात पुढं काय, तर नाक. २०१८ साली अमेरिकेत ह्याचं गणित मांडून झालंय. १२ इंचांवरनं काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून तर आम्ही लांब लेन्स लावून मागं सरकतो. शिवाय फोनच्या पडद्यावर आपण आपल्याला आरशातल्यासारखे उलटे दिसतो. त्याची सवय झाली की सुलटा फोटो वाकडा वाटायला लागतो. एका अकरावीतल्या पोरीला मी हे सगळं समजावून सांगितलं. तुझ्या नाकाला काही झालेलं नाही, दोष कॅमेऱ्याच्या अंतराचा आहे म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'पण मामा, लोकं मला फोनवरच बघतात की.'

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

ही पोरगी काही एकटी नाही, हे इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीलाही ठाऊक होतं. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन नावाच्या, फेसबुकमध्ये काम केलेल्या बाईंनी आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीच्याच सर्वेक्षणाची पानं होती. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं ते आणखी वाईट वाटलं, असं ३२ टक्के मुलींनी सांगितलेलं. कंपनीचं म्हणणं असं पडलं की त्याच सर्वेक्षणात एकटेपणा, चिंता असल्या बऱ्याच बाबतींत मुलींनी फायदा झाल्याचंही सांगितलंय, ते कुणी छापत नाही. दोन्ही गोष्टी त्या कागदांत होत्या. पण स्वतःच्या दुकानातला माल तपासून त्यात असं निघालं, आणि दुकान तसंच चालू ठेवलं, तर आमच्या पेठेत त्याला काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या दुकानात संध्याकाळी चहाला एक निवृत्त प्राध्यापक येतात, संख्याशास्त्राचे. त्यांच्यापुढं असलं काही बोलायची सोय नाही. लगेच म्हणतात, 'आकडा दाखवा.' आणि आकडे खरंच पोरांच्या बाजूचे आहेत. २०१९ साली ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की ह्यांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती चाळली. मुलांच्या मनाच्या सुस्थितीत जो फरक पडतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं निघालं. तुलनेसाठी त्यांनी बटाटे घेतले. नेमानं बटाटे खाण्याचा आणि मनःस्थितीचा संबंधही साधारण तेवढाच भरला. प्राध्यापक हे सांगताना इतके खूश होतात की हातातली खारी चहात पडते.

तिकडं न्यूयॉर्क विद्यापीठाचे जोनाथन हाइट म्हणतात की २०१० ते २०१५ ह्या काळात मुलांचं बालपण मैदानातनं उठून फोनमध्ये गेलं आणि तिथनंच मुलींमधलं नैराश्य वाढत गेलं. त्यांना २०२४ मध्ये 'नेचर' मासिकातनं कॅन्डिस ऑजर्स ह्यांनी सडेतोड उत्तर दिलं. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एकीमुळं दुसरी वाढली असं होत नाही. आधीच खचलेली मुलं फोनमध्ये जास्त तोंड खुपसत असतील, हेही शक्य आहे. मला ह्या सगळ्यात पटलेला अभ्यास वेगळाच आहे. फेसबुक सुरुवातीला, २००४ ते २००६ मध्ये, अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात क्रमाक्रमानं पोचलं. काही संशोधकांनी ज्या कॉलेजात ते आलं आणि ज्यात अजून आलं नव्हतं, त्यांची तुलना केली. जिथं आलं तिथं विद्यार्थ्यांची मानसिक अवस्था खालावली होती, आणि बहुतेक कारण होतं इतरांशी तुलना. तेव्हा ना रील होती, ना स्मार्टफोन, ना लाइकचं बटण.

प्राध्यापकांनी हा अभ्यास मान्य केला, पण ०.४ सोडला नाही. त्यावर मी त्यांना पुराची गोष्ट सांगितली, ती इथंही सांगतो.

पावसाळ्यात आमच्या सगळ्यांच्या स्टेटसला राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पंचगंगा ३९ च्या पुढं सरकली की सुतारवाड्यात पाणी येतं, जामदार क्लबकडं येतं, मग शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. मंगळवार पेठेत आम्ही कोरडे असतो, भजी खात बातम्या बघतो. आता त्या दिवशी कुणी सगळ्या कोल्हापूर शहराच्या पाण्याची सरासरी काढली तर किती भरेल? दोन इंच? दोन इंचांनी कुणी बुडत नाही, असा निष्कर्ष काढून आयुक्त घरी गेले तर? सुतारवाड्यातली माणसं मात्र दरसाल अंथरुणं गुंडाळून चित्रदुर्ग मठात मुक्कामाला जातातच.

प्राध्यापक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'बरोबर आहे, पण मग सुतारवाडा कुठला ते तर दाखवा.'

हा खरा प्रश्न, आणि गंमत म्हणजे त्याचं थोडंफार उत्तर त्याच एमी ऑर्बेनबाईंनी दिलंय. २०२२ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या मुलांची माहिती वयानुसार वेगळी केली. तेव्हा असं दिसलं की मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४-१५ ह्या वयात जास्त वापरानंतरच्या वर्षात समाधान घटलेलं आढळतं, आणि पुन्हा एकदा १९ च्या आसपास, दोघांतही. म्हणजे सखल भाग आहेत, आणि ते वयाचे आहेत. अकरा वर्षांची मुलगी म्हणजे सहावीतली. आमच्याकडं सहावीतल्या मुलीला फोन कधी मिळाला? लॉकडाऊनमध्ये, ऑनलाइन शाळेसाठी. बापानं हप्त्यावर घेतलेला फोन तिच्या हातात पडला तो जून २०२० मध्ये, आणि त्याच महिन्याच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत त्या जागी रील्स आले. वर्गही त्यातच आणि नाचही त्यातच. ती पोर आता अकरावी-बारावीचा फॉर्म भरायला माझ्याकडं येते.

मात्र ह्या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट मोजलीच जात नाही आणि कोल्हापुरात राहून ती विसरता येत नाही. प्रश्नावली विचारते: तुला उदास वाटतं का, झोप लागते का, स्वतःबद्दल काय वाटतं. सगळं त्या मुलाच्या आतलं. मुलाच्या फोनमधनं बाहेर गावात काय सांडतं, त्याचं काय?

जून २०२३ मध्ये इथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही जणांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतलं त्यांत अल्पवयीन पोरंही होती. चोवीस तास टिकणाऱ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट तासाभरात गावभर झाला. ७ जूनला बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद केलं. ज्या गावात शाहू महाराजांनी सगळ्या जातीधर्मांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्या गावात दुकानाचं शटर अर्धं ओढून मी आत उभा होतो आणि बाहेरनं पळत जाणाऱ्यांत माझ्याकडं दहावीचे फोटो काढून गेलेले चेहरे ओळखत होतो. स्टेटस ठेवणारी पोरं तसलीच, आणि चिडून चौकात जाणारीही तसलीच. त्यांना कुणी त्या दिवशी विचारलं असतं, 'उदास वाटतंय काय?' तर उत्तर आलं असतं, 'लई भारी वाटतंय.' कुठल्याच प्रश्नावलीत हे नुकसान उमटलं नसतं.

फुटबॉलचंही थोडं तसंच. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची खुन्नस जुनी आहे, कट्ट्यावरच्या शिव्यांना तर परंपराच म्हणायची. पण पूर्वी सामना संपला की शिवी हवेत विरायची. आता ती स्टेटसला राहते, तिला उत्तर येतं, त्या उत्तराला गाणं लावलेलं असतं, आणि मॅच झाल्यावर दोन दिवसांनी, ज्यांनी मॅच बघितलीसुद्धा नाही ती पोरं गल्लीच्या तोंडावर भिडतात. हे मी वाढवून सांगत नाही. माझ्या दुकानासमोर बघितलंय.

एवढं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग घ्या की काढून फोन. तर थांबा. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि गाव तुटलं, तेव्हा कुठल्या घराच्या माडीवर म्हातारी अडकलीय, कुठं दूध पाहिजे, कुणाकडं गूळ शिजवायची, पुरात तरायला चालणारी काहिल आहे, बोट आहे, ह्याचा हिशोब विशीतल्या पोरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवला होता. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपली चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा आरडाओरडा कुणी केला? पोरांनीच. कंपनीला मान्य करावं लागलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला अंबानींच्या वनतारा प्राणिकेंद्रात नेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत जी मूक पदयात्रा निघाली, तिची हाक भिंतीवरनं नाही, फोनवरनं फिरली. त्याच अंबानींच्या जिओचं सिमकार्ड दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची मोहीमही तिथलीच. काही दिवसांत वनतारानं नांदणीजवळच हत्तिणीसाठी केंद्र उभारायला मदत करायची तयारी दाखवली. हत्तीण मठात असावी की नसावी ह्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते मी पेठेत मोठ्यानं बोलत नाही. पण एवढ्या माणसांना एवढ्या लवकर, एकही दगड न उचलता रस्त्यावर आणायचं काम जून २०२३ च्याच फोननं केलं, हे मला नाकारता येत नाही.

म्हणून 'चांगलं की वाईट' हा प्रश्न मला आता कंटाळवाणा वाटतो. पोरांपुढं काय यायचं त्याचं दार कोण उघडतं, हा जास्त कामाचा. २००६ च्या सुमारास आझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं पान न संपणारी रचना तयार केली. बोट सरकवत राहा, खालून नवीन येतच राहील. पुढं त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. २०१६ पासून इन्स्टाग्रामवर काय आधी दिसायचं ते तारखेवर न राहता यंत्राच्या अंदाजावर गेलं. पोरगी आपलं आपण ठरवते की काय बघायचं, हे अर्धसत्य आहे. एकदा तिनं चेहऱ्यावरच्या मुरुमांचा व्हिडिओ थांबून बघितला की पुढचा आठवडा मुरुमच येतात. सिनेमानं पोरं बिघडतात म्हणूनही आपल्याकडं ओरड झाली होती. १९२७ साली इंग्रज सरकारनं त्यासाठी रंगाचारियर समिती नेमली होती. पण सिनेमा तीन तासांनी दिवे लावून तुम्हाला बाहेर काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तुमची नजर कुठं रेंगाळली ते बघून नवा सिनेमा लावत नव्हता.

कायद्याचं बघू. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद केली. बातमी आली त्या आठवड्यात माझ्या दुकानात येणारा प्रत्येक बाप त्यावर बोलत होता. 'आपल्याकडं पण पाहिजे, काका.' मी विचारायचो, तिथं दंड कुणाला आहे माहीत आहे काय? बहुतेकांना वाटायचं पोराला, नाहीतर बापाला. तिथं पोराला दंड नाही, आईबापालाही नाही. कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. हे मला आवडलं. आमच्या गावाला दंडाची जुनी ओळख आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हा पोराची वाट अडवून उभा होता तो बाप, म्हणून दंड बापाला. आज वाट अडवून कोण उभं आहे ते बघून दंड लावावा, एवढं तरी महाराजांकडनं शिकायला हरकत नाही.

पण वय ओळखायचं कसं, इथं माझा धंदा आडवा येतो. तिथल्या कंपन्या काही वेळा सेल्फी मागतात आणि यंत्र चेहऱ्यावरनं वयाचा अंदाज बांधतं. मी आयुष्यभर चेहरे बघतोय, मला पंधरा आणि सतराच्या पोरातला फरक सांगता येत नाही. तालमीतलं पोरगं येतं, मान बैलासारखी, मिशी फुटलेली, कान मोडलेले, आणि फॉर्मवर जन्मतारीख बघावी तर नववीत. मागोमाग त्याची थोरली बहीण येते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि दिसते आठवीतली. यंत्र त्याला आत सोडणार आणि तिला दारात उभं करणार. शिवाय प्रत्येक पोराला एक थोरला चुलतभाऊ असतोच, त्याचा चेहरा कामाला येईल.

आपला कायदा आणखी पुढं गेलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं ते मूल, त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. ती जाहिरातींची मनाई चांगली आहे, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. संमतीचं मात्र मला खरं वाटत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या बापांचा फोन त्यांची पोरगीच चालवते. गॅस नोंदवते ती, लाइटबिल भरते ती, ओटीपी वाचून टाकते ती. उद्या संमतीचा ओटीपी आला तर बाप म्हणणार, 'बघ गं काय आलंय,' आणि ती स्वतःलाच परवानगी देणार.

आणि जिथं बाप खरंच संमतीच्या दारात उभा राहील, तिथं काय होईल ते मला जास्त भिववतं. 'असर' ह्या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलांकडं स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्के जणींकडं. बंदीची हवा सुटली की पहिल्यांदा कुणाचा फोन कपाटात जाणार, हे सांगायला पाहणी नको. करवीर तालुक्यातल्या एका गावची पोरगी पोलिस भरतीच्या फोटोसाठी येते. मैदानाचा सराव, लेखीचे प्रश्न, कुठल्या जिल्ह्यात किती जागा, सगळं तिला फोनवरनं कळतं. गावात सांगणारं कुणी नाही. तिच्या भावाचा फोन रील्समध्ये जातो आणि 'फोननं पोरी बिघडतात' हे ऐकून घ्यायला लागतं तिला. पोरांच्या भल्याच्या नावाखाली सुरू झालेलं काम आमच्याकडं पोरींच्या बंदोबस्तावर जाऊन थांबतं, हा अनुभव नवा नाही.

त्यामुळं मला शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रकार त्या मानानं बरा वाटतो. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, थोरांनी वाचायचं नाहीतर गप्पा मारायच्या. कायदा नाही, वयाचा दाखला नाही, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंची मालिकाही बंद. मी हा विषय आमच्या गल्लीच्या मंडळाच्या बैठकीत काढला. रोज जमत नसेल तर आठवड्यातनं दोन दिवस तरी करून बघू म्हणालो.

पोरं लगेच तयार झाली, ह्याचं मला नवल वाटलं. एक जण म्हणाला, 'सगळ्यांचाच बंद असला तर कायबी नाही मामा, एकट्याचा बंद असला की तरास होतोय.' स्नॅपचॅटवर रोज फोटो पाठवून जपलेली साखळी, म्हणजे स्ट्रीक, तुटेल म्हणून परीक्षेच्या दिवसांत मित्राला पासवर्ड देऊन ठेवणारी ही पोरं. पहिला विरोध खजिनदारांकडनं आला: आयपीएल संपू दे. दुसरा महिला मंडळाकडनं, तो मालिकेचा होता आणि तो अपेक्षितच होता. तिसरा विरोध मागच्या रांगेतल्या एका मुलीनं केला. 'सात ते साडेआठ माझं लेक्चर लाइव्ह असतंय यूट्यूबवर. रेकॉर्डिंगला पैसे पडतात.' तिला सूट द्यावी असं मी म्हणालो. लगेच दोन आया म्हणाल्या, मग आमच्या पोरांचं पण लेक्चरच असतंय. हसाहशी झाली. कुणाचं लेक्चर खरं आणि कुणाचं नाही, हे ठरवायला कमिटी नेमावी अशी सूचना आली, तिला अनुमोदनही मिळालं. कमिटीत मला घातलंय, ती मुलगी आहे, आणि खजिनदार आहेत. पहिली बैठक आयपीएलच्या फायनलनंतर.